मानसोपचार रेसिडेन्सी आणि वॉर्ड: इतका काळ खरंच लागतो का?

जागरणकर:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी सायकियाट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज कुठलं ते विचारू नका. आमच्या तीन वर्षांतला सिंहाचा वाटा वॉर्डात जातो. ॲडमिशन घ्या, हिस्ट्री लिहा, एमएसई (पेशंटच्या मनःस्थितीची तपासणी) लिहा, राउंडला उभे राहा, रक्त काढा, शॉकच्या (विजेच्या उपचाराच्या, म्हणजे ईसीटीच्या) दिवशी भूलवाल्यांच्या मागे लागा, डिस्चार्ज कार्ड लिहा. उरलाच वेळ तर थिसिस. आणि पास होऊन गेलेले सीनियर काय करतात बघावं, तर बहुतेक सगळे ओपीडी टाकून बसलेत. समोर येतं काय? झोप नाही, छातीत धडधड, नवराबायकोचं पटत नाही, दहावीतलं पोरगं मोबाईल सोडत नाही. अंगावर धावून येणारा मेनियाचा (अतिउत्साहाच्या झटक्याचा) पेशंट नाहीतर तीन दिवस तोंडात घास न घेतलेली कॅटाटोनियाची (आजाराने जागच्या जागी गोठलेली) बाई त्यांच्याकडे वर्षातून एखादी, तीही ते पुढे पाठवून देतात.

थेरपी मात्र आम्हाला धड कोणी शिकवत नाही. आयुष्यभर जे करायचं त्याला वेळ नाही आणि क्वचित जे करायचं त्याच्यात जवानी चाललीय. माझं मत असं की वॉर्डाचा काळ निम्म्यावर आणावा आणि उरलेला थेरपी, व्यसनमुक्ती, लहान मुलांची ओपीडी यांना द्यावा. डॉक्टर, सिस्टर, पेशंट, नातेवाईक, कोणीही लिहा. शिव्या घातल्यात तरी चालेल, सवय आहे.

खडूस काका:
खुर्ची टाकून बसलोय. चहा कोण आणतंय?

रातराणी:
आम्हाला इंटर्नशिपमध्ये सायकियाट्रीचे दोन आठवडे असतात. आमच्या बॅचमध्ये त्याला पीजीच्या अभ्यासाची हक्काची सुट्टी समजतात. दोन आठवडे म्हणजे तिथल्या मावशींना आमची नावं पाठ होतात तोवर आम्ही पुढच्या पोस्टिंगला. तुमची तक्रार बरोबर उलट दिसतेय, मज्जा वाटली.

कासपठार:
जागरणकर, मत पटलं नाही. साताऱ्याकडे बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, माझ्याकडे एकही खाट नाही. म्हणजे तुमच्या हिशोबाने वॉर्डाचं शिक्षण वाया गेलेला माणूस मीच.

आता ऐका. मोटरसायकलवरून पडून मांडी मोडलेला माणूस रविवारी ऑर्थोत ॲडमिट होतो. मंगळवारी रात्री सलाईन उपटतो, भिंतीवरचे किडे झटकतो, मेलेल्या आईशी गप्पा मारतो. ऑर्थोवाल्यांचा मला फोन, ‘पेशंटच्या डोक्यावर परिणाम झालाय, घेऊन जा.’ शेवटचा घोट कधी घेतला होता हे त्यांनी विचारलेलं नसतं. दारू तुटल्यावर साधारण ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स (भ्रम आणि थरथर) उभा राहतो आणि उपचार चुकले तर माणूस दगावतो. त्याला नुसतं सेरेनेस (भ्रमावरचं इंजेक्शन) टोचून गप्प करायचं नसतं. लोराझेपाम (शांत करणारं औषध) सुरू करायचं, ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यायचं, पोटॅशियम-मॅग्नेशियम बघायचं, डोक्याला मार लागलाय का ते पुन्हा तपासायचं. पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. पण फोनवरच्या चार वाक्यांतून ते ओळखायचं तर रात्री तीनला असा माणूस पलंगाला धरून तुम्ही उभं राहिलेलं असावं लागतं.

कॅटाटोनियाचंही तेच. तोंडात घास न घेतलेल्या त्याच बाईला शिरेतून लोराझेपाम दिल्यावर पंधरा मिनिटांत ती ‘पाणी द्या’ म्हणते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढे कुठल्याही गावात ‘अंगात आलंय’ म्हणून खाटेवर आणलेल्या मुलीकडे तुम्ही निराळ्या नजरेने बघता. माझ्या ओपीडीत अशी माणसं थोडी येतात हे खरं. पण येतात तेव्हा आजूबाजूला विचारायला कोणी नसतं.

थेरपी शिकवत नाहीत हे मात्र शंभर टक्के मान्य.

लिमलेट:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. एम.फिल. एका मोठ्या संस्थेत केलं, सध्या कॉलेजच्या रुग्णालयात आहे. धागाकर्त्याला माझा पाठिंबा.

कासपठार सर, तुम्ही सांगताय ते प्रसंग रेसिडेंट पहिल्या वर्षातच पाहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेच ते करण्यात नवं काय? मला दिसतं ते असं: राउंड दीड तास चालतो, त्यातला बहुतेक वेळ डोस वाढवायचा की कमी करायचा यावर. पेशंटशी खाली बसून बोललेला रेसिडेंट आठवड्यात एखादा दिसतो. उरलेले केस पेपर भरतात. त्याला प्रशिक्षण म्हणायचं असेल तर आमचे रेकॉर्ड सेक्शनचे बाबू सगळ्यात प्रशिक्षित.

खडूस काका:
लिमलेटताई, एकदम आंबट!

बाकी माझ्यासारख्या अडाण्याला एक सांगा. वॉर्डात भरती करायचं म्हणजे घरच्यांनी सही केली की झालं ना? आमची ही अधूनमधून धमकी देते म्हणून विचारतोय.

काळा कोट:
काका, घाबरू नका, वहिनींच्या एकट्या सहीवर होत नाही :)

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा, २०१८ पासून लागू. आजार आहे म्हणून नातेवाईकांनी आणून ठेवलं, असं आता चालत नाही. माणूस स्वतः दाखल होत असेल तर कलम ८६. तसं शक्य नसेल तर कलम ८९, त्यात नामनिर्देशित प्रतिनिधीचा (पेशंटच्या वतीने बोलणाऱ्या माणसाचा) अर्ज लागतो आणि दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर कलम ९०. पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं ते सात दिवसांत, आणि स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. तातडीचे उपचार कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर देऊ शकतो, पण ७२ तासांपुरते, आणि त्यात शॉक देता येत नाही.

आणि बांधून ठेवणं. कलम ९७. प्रमुख मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच, गरजेपेक्षा एक मिनिट जास्त नाही, कारण केस पेपरवर, २४ तासांत प्रतिनिधीला खबर. साखळदंड तर साफ बंद. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ जण पळता न आल्यामुळे गेले, ते वकिली पेशातला माणूस विसरत नाही.

लिमलेट म्हणतात ते ‘केस पेपर भरणं’ बरंचसं हेच असतं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एखाद्याचं स्वातंत्र्य काढून घेणारी सही करायची असेल तर ती वॉर्डातच शिकाल, सरांच्या देखरेखीखाली. क्लिनिकमध्ये शिकायला गेलात तर माझ्याकडे याल.

निवांत:
शॉक देणं हाच मुळात अत्याचार आहे. ध्यान, प्राणायाम आणि सात्त्विक आहार यांनी सगळं बरं होतं. ॲलोपॅथीला हे पटणार नाही कारण त्यात पैसा नाही.

कासपठार:
निवांत, भूल न देता, स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर याच कायद्याने बंदी आहे, कलम ९५. सिनेमात दिसतो तसा प्रकार वॉर्डात शोधूनही सापडणार नाही. न खाता-पिता पडून राहिलेल्या, मरायला टेकलेल्या उदास माणसाला मी तो घ्यायला लावतो आणि पुढेही लावेन. प्राणायाम त्याने उठून बसल्यावर जरूर करावा. या विषयावर वेगळा धागा काढा, इथे नको.

पांढरी साडी:
मी निवृत्त स्टाफ नर्स. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मनोरुग्ण वॉर्डात गेली, म्हणून दोन शब्द लिहिते. मोबाईलवर टाइप करते आहे, चुका पोटात घाला.

जागरणकर बाळा, तुम्ही वॉर्डात किती महिने राहता ते मला महत्त्वाचं वाटत नाही. रात्री राहता का आणि कसे राहता ते वाटतं. सकाळच्या राउंडला पेशंट सांगतो ‘झोप मस्त झाली’. आमच्या वहीत लिहिलेलं असतं, एक ते चार येरझाऱ्या. ती वही उघडून बघणारा रेसिडेंट आणि न बघणारा रेसिडेंट, दोघांची औषधं वेगळी होतात.

गोळी जिभेखाली ठेवून नंतर खिडकीतून टाकणारे असतात. ओढणी, पायजम्याची नाडी, बाथरूमची कडी, चमचे, सगळ्याचा हिशोब ठेवावा लागतो. महिनाभर रडणारी बाई एकाएकी हसतमुख झाली, सगळ्यांना आपल्या वस्तू वाटायला लागली, तर खूश व्हायचं नाही, पलंग नर्सेस टेबलासमोर घ्यायचा. हे मी कोणा प्रोफेसरकडून शिकले नाही, माझ्या इनचार्ज सिस्टरकडून शिकले. तुम्हीही आमच्याकडूनच शिकता, फक्त परीक्षेत सांगत नाही.

आणि कोणी खवळला तर आधी आमच्या मामांकडे (वॉर्डबॉयकडे) बघा. मामा समोरून कधी जात नाहीत, बाजूने जातात. आवाज खाली घेतात, खुर्ची देतात, चहा विचारतात. निम्मे तिथेच बसतात. नवा डॉक्टर धावत येतो आणि लांबूनच झोपेच्या इंजेक्शनसाठी ओरडतो, ‘फेनर्गन काढा!’

रातराणी:
पांढरी साडी, यावर स्वतंत्र लेखमाला हवी. सीरियसली.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात हे सगळं बांबोळीला, मेडिकल कॉलेजच्या अगदी शेजारी. मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था. पूर्वी पणजीत आल्तिन्होवर होतं, नाव आबे फारियाचं. हा फारिया कांदोळीचा पाद्री, पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करून गाजलेला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, एक बाई आडवी पडलीय आणि हा तिच्यावर हात पसरून उभा. पर्यटक फोटो काढतात आणि कोण हा म्हणून मलाच विचारतात.

वऱ्हाडी ठेचा:
आमच्या नागपुरात तर बसस्टॉपच पागलखाना चौक. कंडक्टर ओरडते, ‘चला पागलखानावाले उतरा’, अन् अर्धी बस उतरते राजेहो. कोणाले काही वाटत नाही.

खडूस काका:
पुण्यात ‘येरवडा’ म्हटलं की समोरचा विचारतो, जेल की हॉस्पिटल. दोन्ही शेजारी.

सोनचाफा:
अवांतर चाललंच आहे तर माझंही. एमएसईत अमूर्त विचार तपासायला म्हणीचा अर्थ विचारतात. माझ्या परीक्षेच्या मोठ्या केसला विचारलं, ‘नाचता येईना अंगण वाकडं, म्हणजे काय?’ आजोबा म्हणाले, ‘म्हणजे आधी अंगण सरळ करून घ्या, मग बोलवा.’ एक्झामिनर म्हणाले काँक्रीट थिंकिंग (शब्दशः अर्थ घेणं). आजोबा आयुष्यभर गवंडीकाम केलेले. माझ्या मते उत्तर अचूक होतं.

रातराणी:
हाहा. आमच्याकडे निर्णयक्षमतेसाठी विचारतात, ‘पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट रस्त्यात सापडलं तर काय कराल?’ एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, ‘तिकीट कसलं?’

वऱ्हाडी ठेचा:
शंभरातून सात वजा करत जा म्हणतेत ते तर मलेच नाही येत. मी भरती होऊ का?

सोनचाफा:
ठेचाभाऊ, शाळा कमी झालेल्या पेशंटला आम्ही वीसातून तीन विचारतो, नाहीतर पन्नासच्या नोटेचे सुट्टे. बाजारात जाणारी आजी पटकन सांगते. हेही वॉर्डातच कळतं बरं का.

पुन्हा पालवी:
हसले वाचून, आणि मग जरा थांबले. कारण त्या म्हणी मलाही विचारल्यात.

मला बायपोलर (कधी मेनिया, कधी उदासी) आहे. वॉर्डात राहून आले आहे, लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू आहे, नोकरी चालू आहे. जागरणकर, पेशंटनेही लिहा म्हणालात म्हणून. पलंगाभोवती दहा-बारा जण गोळा होतात, एक जण माझ्याबद्दल इंग्रजीत बोलतो, बाकीचे वहीत लिहितात. मेनियात मला त्याचं काही वाटलं नाही, उलट भाषण ठोकलं. उतरल्यावर मात्र ते सगळं आठवत होतं आणि लाज वाटत होती. ‘तेव्हा तुम्ही असं बोलला होतात, ते आजारामुळे’ एवढं वाक्य एका रेसिडेंटने येऊन सांगितलं. पहिल्या वर्षाची होती बहुतेक, डोळे तारवटलेले. ती रोज संध्याकाळी येऊन पाचच मिनिटं बसायची, हातात पेन नसायचं. तुम्ही ज्याला थेरपी म्हणताय ती मला तिथे मिळाली. म्हणून मला कळत नाही की वॉर्ड कमी करून थेरपी वाढवायची म्हणजे नक्की काय करायचं.

लिमलेट:
पालवी, हे माझ्या मुद्द्याला चांगलंच लागलं. माझी तक्रार ती संध्याकाळची पाच मिनिटं कोणाच्या लॉगबुकात मोजली जात नाहीत ही आहे. वॉर्डाबद्दलचा सूर मी थोडा खाली घेते.

धाकटा भाऊ:
माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिन या औषधावर आहे. सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं म्हणून आईला घेऊन एसटीने जायचो.

आमचा अनुभव कडवट आहे, माफ करा. दर काही महिन्यांनी डॉक्टर बदलतो आणि प्रत्येक नवा डॉक्टर विचारतो, ‘कधीपासून त्रास आहे?’ आई पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगते आणि पुन्हा रडते. फाईल टेबलावरच असते. डिस्चार्जच्या दिवशी कार्ड हातात दिलं, गोळ्या दिल्या, ‘पंधरा दिवसांनी या’. घरी आल्यावर तो म्हणाला गोळी घेत नाही, तेव्हा काय बोलायचं? रात्री घराबाहेर निघाला तर कोणाला फोन करायचा? त्याने झोपून राहायचं ठरवलं तर उठवायचं की राहू द्यायचं? हे एकानेही सांगितलं नाही. तुम्ही वॉर्डाचे महिने मोजताय, आम्ही वॉर्डानंतरची वर्षं मोजतोय.

कासपठार:
धाकटा भाऊ, माफी मागू नका. या धाग्यातलं सगळ्यात कामाचं तुम्ही लिहिलंत.

नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्या सागर यांनी नातेवाईकांना आवारात तंबू ठोकून पेशंटसोबत राहायला लावलं. माणसं लवकर बरी होऊन घरी जायला लागली, आणि घरच्यांना सांभाळायचं कसं ते तिथेच कळायला लागलं. सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचार विभाग काढायचा प्रयोग त्याच्याही आधीचा, कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये केला, मुंबईत जे. जे. ला डॉ. मसानी यांनी १९३८ मध्ये. आपल्या वॉर्डात आज प्रत्येक पलंगाशी एक नातेवाईक बसलेला असतो. आयता वर्ग समोर आहे आणि आपण त्याला कॅन्टीनमधून सीरिंज आणायला पाठवतो.

लीड्सकर:
इंग्लंडमधून लिहितोय. एमबीबीएस मिरजेला, मानसोपचार इकडे. इथे पहिली तीन वर्षं कोअर ट्रेनिंग, सहा-सहा महिन्यांच्या पोस्टिंग, पुढे तीन वर्षं वरचं. आठवड्यातून एक तास कन्सल्टंटबरोबर बंद दाराआड सुपरव्हिजन. त्या तासात ‘या पेशंटचा मला राग येतो’ असंही म्हणता येतं आणि ते शिक्षणाचाच भाग मानतात. बालिंट गट (पेशंटशी असलेल्या नात्यावर डॉक्टरांनी आपसात बोलायचे गट) असतात, थेरपीच्या केसेस पूर्ण कराव्या लागतात. जागरणकरांना हवं ते इथे कागदावर आहे.

पण स्वर्ग नाही हो. खाटांची इतकी टंचाई की पेशंट कधीकधी दूरच्या शहरात पाठवतात. वॉर्डात नातेवाईक भेटीच्या वेळेपुरताच. आई मुलाशेजारी चटई टाकून झोपलीय, हे दृश्य मी इथल्या सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. आणि ज्याला आपण नेहमीचा पेशंट म्हणतो तो इथे कम्युनिटी टीम बघते, त्यामुळे वॉर्डात येतात ते फारच आजारी. वॉर्डातून बाहेर पडलेल्याच्या घरी जाऊन बघणं हे इथल्या माझ्या शिक्षणात सगळ्यात उपयोगी पडलं. धाकटा भाऊ यांच्या प्रश्नांची उत्तरं मला तिथे, लोकांच्या स्वयंपाकघरात बसून मिळाली.

खडूस काका:
म्हणजे रेसिडेंट आमच्या घरी येणार? आधी सांगून या, पसारा असतो.

जागरणकर:
सगळ्यांना धन्यवाद. ड्यूटी होती म्हणून गायब होतो, आत्ता सगळं एका बैठकीत वाचलं.

वॉर्ड निम्म्यावर आणावा हे आता तसंच म्हणणार नाही. पण माझी मागणी सोडलेली नाही, तिचा पत्ता बदललाय. पहिलं वर्ष आहे तसं राहू दे, रात्रीसकट. दुसऱ्या वर्षापासून मात्र मी ज्याला डिस्चार्ज दिला त्याचा फॉलोअप मलाच द्या, युनिट बदललं तरी. म्हणजे धाकटा भाऊ यांच्या आईला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही, आणि सहा महिन्यांनी माझ्या गोळ्यांचं काय झालं ते मलाही कळेल. आत्ता आमच्याकडे हे कोणालाच कळत नाही. मॅडमकडे हा विषय काढणार आहे, हो म्हणतील अशी खात्री नाही. ओपीडीची गर्दी बघता माझा पेशंट नेमका माझ्या टेबलावर कसा आणायचा हा साधा प्रश्नही सुटलेला नाही.

सिस्टर, तुमची वही मी परवापासून वाचायला लागलोय. आमच्या नाईट सिस्टरांना संशय आला, काही चौकशी लागलीय का म्हणून.

आता एक व्यवहारातला प्रश्न. लवकरच तीन महिने जिल्हा रेसिडेन्सीला (जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या पोस्टिंगला) जातोय, विदर्भात, ऐन उन्हाळ्यात. तिथे वेगळा मानसोपचार वॉर्ड नाही, पेशंट मेडिसिनमध्ये दाखल करतात. काय काय सोबत न्यावं?

कासपठार:
डिलिरियमसाठी जे वर लिहिलं ते. मेडिसिनच्या रेसिडेंटशी पहिल्या दिवशी चहा. तिथल्या औषध भांडारात लोराझेपामचं इंजेक्शन आहे का ते स्वतः जाऊन बघा, यादीवर विश्वास ठेवू नका. आणि उन्हाळ्यात लिथियमचे पेशंट सांभाळा. घाम, जुलाब, त्यात दुखण्यावरच्या गोळ्या, की रक्तातली लिथियमची पातळी चढते. हात थरथरायला लागले, चाल लटपटली, उलट्या सुरू झाल्या की गोळी थांबवून रक्त पाठवा.

पुन्हा पालवी:
आणि पेशंटला हे आधीच सांगून ठेवा, आम्हाला लक्षात राहतं. मी उन्हाळ्यात पर्समध्ये पाण्याची बाटली आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही ठेवते.

जागरणकर:
तपासणी जिल्ह्यात होते का पण?

वऱ्हाडी ठेचा:
शासकीयमध्ये भरवसा नाही भाऊ. आमच्या इथली खाजगी लॅब नमुना बाहेर पाठवते, रिपोर्टला वेळ लागते.

कासपठार:
मग रिपोर्टची वाट बघत बसू नका, लक्षणांवरून ठरवा. आणि नेहमीच्या तपासणीचा नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच घ्या. सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या, लॅबवाला सांगत नाही.

पांढरी साडी:
मोठ्या अक्षरात लिहा.